ओट्सच्या बरणीतलं विरजण

सकाळी सात वाजता माझ्यापुढे काचेची बरणी येते. आत गार लगदा. वर सफरचंदाच्या फोडी, चार बदाम आणि कसल्याशा काळ्या बिया, ज्या भिजल्या की बेडकाच्या अंड्यांसारख्या दिसतात. चमचा सोडला तर तसाच उभा राहतो. सून म्हणते, "बाबा, नीट ढवळून घ्या." मी ढवळतो. ढवळून काही फरक पडत नाही.

ह्याला ओव्हरनाइट ओट्स म्हणतात. रात्री दुधात भिजवायचे, बरणीचं झाकण लावून हलवायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे आणि सकाळी तसेच गार खायचे. मध्ये विस्तव नाही, फोडणी नाही, वास नाही. मला साखर आहे आणि ती वाढली आहे, म्हणून डॉक्टरांनी पोहे, साबुदाणा, ब्रेड सगळं बंद केलं. सुनेने मग मनावर घेतलं. आधी मक्याचे पापुद्रे आणले, ते गोड निघाले म्हणून बंद. मग सुका मेवा घातलेलं काहीतरी आणलं, ते माझ्या कवळीत अडकलं. मग ज्वारीचे फ्लेक्स आणले. ज्वारी चपटी करून चकचकीत खोक्यात भरलेली आणि खोक्यावर हसणारी बाई. मी म्हटलं, ही बाई ज्वारी काढायला गेली असती तर अशी हसली नसती. सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला काहीच आवडत नाही." खरं होतं ते. शेवटी ओट्सवर गाडी थांबली.

मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण धान्यातलं मला कळतं. नारायण पेठेतल्या एका पिठाच्या गिरणीवर मी उभं आयुष्य काढलं. गिरणी मालकाची, दळणारा मी. सकाळी आठपासून डब्यांची रांग लागायची. प्रत्येक डब्यात चिठ्ठी. गहू बारीक, ज्वारी मध्यम, भाजणी जाडसर. चतुर्थीच्या आदल्या दिवशी उपासाची भाजणी सगळ्यात आधी, दगड पुसून, नाहीतर बायका जीव घेतील. मी तोंडाचा फटकळ. एकदा एक बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी पीठ फार जाड दळलंत." मी म्हटलं, "दोनदा येऊन झालं का, झालं का विचारून गेलात. तुमची घाई दळली मी." तरी त्या पुढच्या आठवड्यात आल्याच. दुसरी गिरणी लांब होती.

एक गोष्ट मात्र मला येत होती आणि तिचा मला गर्व होता. पीठ चिमटीत घेतलं की ते कुठल्या घरचं आहे ते मी सांगायचो. कोणाच्या गव्हात चण्याची डाळ पडते, कोण भाजणीत धने जास्त घालतं, कोणाची ज्वारी जुनी. रांगेतल्या बायका मुद्दाम डबे बदलून ठेवायच्या आणि विचारायच्या, "ओळखा पाहू." मी कधी चुकलो नाही. हे पुढे उपयोगाचं आहे म्हणून आधी सांगून ठेवतो.

सुनेने ओट्स आणले त्या दिवशी ते मी चिमटीत घेऊन बघितले. दाणा वाफवून रुळाखाली चिरडलेला. पीठ नाही, भरडा नाही, लाही नाही. मी म्हटलं, "हे घोड्याला घालतात."

ती म्हणाली, "म्हणूनच घोड्याला शुगर नसते, बाबा."

ती पुण्याचीच.

*

माझी बायको श्रावणात गेली. आता मार्गशीर्ष चालू आहे.

ती होती तोवर माझी न्याहारी ठरलेली. रात्रीची ज्वारीची भाकरी, शिळी, कुस्करून दह्यात भिजवलेली. वर मीठ, चिरलेला कांदा, जमलं तर लसणीची चटणी. गिरणीवर जाण्याआधी वाडगाभर खाऊन निघालो की दुपारपर्यंत भूक नाही. सुनेला मी हे एकदा सांगितलं. म्हटलं, तुझं ते ओव्हरनाइट का काय, ते आमच्याकडे चाळीस वर्षं होतं. आम्ही त्याला शिळं म्हणायचो.

"मग हेपण तसंच समजून खा ना, बाबा."

"समजून पोट भरत असतं तर आणखी काय पाहिजे होतं?"

नंतर मला वाटलं, एवढं कशाला बोललो. बोलून झाल्यावर वाटायचं ही माझी जुनी खोड आहे.

त्या न्याहारीतली भाकरी कोणीही करेल. दही तसं कोणाचं नव्हतं. ते दही मांजरी गावचं. तिथली माझी सासुरवाडी. तेव्हा तिकडे नुसता ऊस होता, आता म्हणे बिल्डिंगा झाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला आली तेव्हा तिने बरोबर दोन साड्या, एक तवा आणि कडीच्या डब्यात विरजण आणलं होतं. तिच्या आईने दिलेलं. बसमध्ये डबा मांडीवर सरळ धरून बसली होती, मी म्हटलं मी धरतो, तर दिला नाही. "तुम्ही हिंदकळवाल," म्हणाली.

तेव्हापासून ते दही कधी तुटलं नाही. रोज संध्याकाळी दूध तापवायचं, कोमट व्हायला ठेवायचं, करंगळी बुडवून दहा आकडे म्हणेपर्यंत सोसलं की बरोबर, मग कालच्या दह्यातलं चमचाभर घालायचं. कालचं त्याच्या आदल्या दिवशीच्यातलं. असं मागे मागे जात ते तिच्या आईच्या चुलीपाशी पोचायचं. घरात कितीही पाहुणे असोत, दही वाढायच्या आधी ती चमचाभर दही एका छोट्या वाटीत काढून ठेवायची. त्या वाटीला कोणी हात लावायचा नाही. आजूबाजूच्या बायका विरजण मागायला यायच्या. दिवसाउजेडी हसत द्यायची. दिवे लागल्यावर आल्या तर द्यायची नाही, आणि दिलंच तर वाटीत एक मिरची टाकून. घरातली लक्ष्मी जाते म्हणे. आमच्याकडे जाण्यासारखी ती नव्हतीच, तरी मिरची पडायची.

तिचं बोलणं मांजरीकडचं. "दही लागलं हाय," म्हणायची. पेठेतल्या बायका हसायच्या, मग बाहेर "आहे" म्हणायला शिकली. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत हाय. 

श्रावणात तिच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात नेलं. चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी नाकातली नळी बाजूला करून मला म्हणाली, "अहो, विरजण लावलं का?"

मी तीन दिवस घरी गेलोच नव्हतो. मुलगा आणि सून पाळीपाळीने येत होते, दह्याकडे कोण बघतंय? पण मी म्हटलं, "हो, लावलं."

"लागलं?"

"मस्त लागलं."

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. आमचं शेवटचं बोलणं हे एवढंच, आणि त्यात मी खोटं बोललो.

*

तिला घरी आणलं तेव्हा नात्यातल्या बायका आधीच आलेल्या. सुतक लागलं म्हणून त्यांनी भरलेलं पाणी ओतलं, शिजवलेलं सगळं टाकलं, आणि फ्रीजमधलं दह्याचं पातेलंही मोरीत रिकामं केलं. त्यांची चूक नाही, रीतच तशी. मी हॉलमध्ये बसून पातेलं घासल्याचा आवाज ऐकला. काय घासतायत ते मला कळलं नाही. तेराव्यानंतर कळलं.

आम्ही वारज्याला राहतो, मुलाच्या फ्लॅटमध्ये. आमच्या दारासमोर एक जोडपं राहतं, नागपूरकडचं. त्यातले साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दर पौर्णिमेला बुद्धवंदना असते, माझी बायको खिरीचं पातेलं घेऊन जायची. त्या बाईंचं आणि हिचं चांगलं जमायचं. चौदाव्या दिवशी त्या एक झाकलेली वाटी घेऊन आल्या.

म्हणाल्या, "भाऊ, हे तुमच्याच घरचं आहे. वहिनी दवाखान्यात गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मी विरजण नेलं होतं. आमच्यात सुतकबितक नाही. मी रोज लावत राहिले. म्हटलं तुम्हाला लागेल."

मी वाटी हातात घेतली. आभार मानायचे असतात हे मला सुचलं नाही. दार लावून घेतलं आणि ओट्याशी उभा राहिलो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मला दूध किती तापवायचं ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी उतू घालवलं. दुसऱ्या दिवशी जमलं. त्या दिवसापासून ह्या घरात दही मी लावतो. दुसरं काही येत नाही. पण हॉस्पिटलात म्हटलं होतं "लावलं," तर निदान त्यानंतर तरी ते खरं असू दे, एवढाच माझा हेतू.

आणखी एक गोष्ट मी ती गेल्यावर शिकलो. जेवण झालं की ताटात, वाटीत पाणी घालून ठेवायचं. संसारभर ती हेच सांगत होती. "अहो, नुसतं पाणी घालून ठेवा, घासणारीला त्रास होतो." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पानातला भात वाळून खडखडीत व्हायचा, ती नखाने खरवडायची. आता घालतो. न चुकता घालतो. आता ते बघायला कोणी नाही.

*

मागच्या आठवड्यात संध्याकाळी दूध नासलं. सकाळची पिशवी बाहेर राहिली होती, तापवायला ठेवलं आणि फाटलं. आता दही कशात लावणार? मी म्हटलं, उद्या सकाळी दूध आलं की लावू. त्या दिवशीचं दही जेवणात संपलं होतं, पण विरजण मी आधीच काढून ठेवलं होतं. छोट्या वाटीत, दोन चमचे. ती वाटी फ्रीजमध्ये पुढेच ठेवली आणि झोपलो.

सून उशिरा आली. तिचं ऑफिस हिंजवडीला, येता येता रस्त्यातच दीड-दोन तास जातात. मुलगा कंपनीच्या कामाला बाहेरगावी होता. दमून आली, तरी माझे ओट्स भिजवायचे होते, आणि घरात दूध नाही. फ्रीज उघडला, तर पुढेच वाटी.

सकाळी बरणी आली. मी चमचा घातला आणि तोंडात घेतला. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा ते मला गोड लागलं. गोड म्हणजे साखरेचं नव्हे. आंबूस, जिभेच्या कडेला धरणारं. मी ढवळलंसुद्धा नाही. सफरचंद बाजूला सारून खालपर्यंत खाल्लं, बोट घालून कडेचं पुसून खाल्लं. सून बूट घालत होती. मी म्हटलं, "आज बरे झालेत."

ती एवढी खूश झाली. "बघा! म्हटलं नव्हतं मी? दह्यात केले आज. आता दह्यातच करत जाऊ."

मी बरणी सिंकमध्ये नेली, नळ सोडला, काठोकाठ पाणी भरून ठेवली. मग दूध आलं होतं ते तापवायला ठेवलं आणि विरजण घ्यायला फ्रीज उघडला.

वाटी नव्हती.

मी वरचा कप्पा बघितला, खालचा बघितला, दार बघितलं. मग "दह्यात केले" हे तिचं वाक्य माझ्या डोक्यात आलं. उशिरा येतं सगळं.

"दही कुठलं घेतलंस?"

"ती छोटी वाटी होती ना पुढे... थोडंसंच होतं, त्यात पाणी घालून—" ती बोलता बोलता थांबली. बुटाची नाडी हातातच राहिली. "बाबा, ते विरजण होतं?"

मी फ्रीजचं दार लावलं.

"मला वाटलं तुमचं लावून झालंय आणि हे उरलंय. रोज तुम्ही लावलेलं असतं ना. बाबा, सॉरी. रिअली सॉरी. मी येताना आणते दही. चांगलं घट्ट आणते."

"आण."

"तुम्ही रागावलात."

"नाही. तुझी गाडी जाईल."

ती गेली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. राग यायला हवा होता, पण आला नाही, कुणावर धरायचा तेच कळेना. तिने माझ्यासाठीच केलं होतं. आणि खाल्लं मी. बोट घालून पुसून खाल्लं. एवढ्या वर्षांचं दही मी एका बरणीत संपवलं आणि वर म्हटलं, बरे झालेत.

*

समोरच्या बाई आठवल्या. दार उघडं टाकून तसाच समोर गेलो आणि बेल वाजवली. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. अंगात स्वेटर, हातात वर्तमानपत्र.

मी म्हटलं, "साहेब, वहिनी आहेत?"

"ती नागपूरला आहे. मुलीचं बाळंतपण. दोन महिने झाले, तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. जाताना मला सांगून गेल्या होत्या. मी विसरलो होतो.

"दही आहे का घरात?"

"आहे ना. या." त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. दह्याची पिशवी, डेअरीची, कात्रीने कोपरा कापून क्लिप लावलेली. "घेऊन जा अख्खी. मला कफ होतो."

"हे नको. वहिनी लावायच्या ते."

"ते मला कुठे येतं लावता?"

आम्ही दोघं उघड्या फ्रीजसमोर उभे. दोघांनी मिळून मागे ढकललेली एक-एक वाटी काढून बघितली. एकीत लोणचं, एकीत वाळलेली कोथिंबीर, एकीत काय होतं ते दोघांनाही ओळखता आलं नाही. मग ते म्हणाले, "थांबा, तिलाच विचारू," आणि त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे बाळ रडत होतं.

मी सगळं सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या.

"काय हो भाऊ... मी निघताना फ्रीज पूर्ण धुवून ठेवला. ह्यांच्याच्यानं काही होत नाही, सगळं सडलं असतं. मी इकडे नेलं असतं तर... पण गाडीत कुठे नेणार?"

"बरोबर आहे."

"थांबा, थांबा. दही ओट्समध्येच होतं नं? मग बरणीला लागलं असेल. थोडंसं पुरतं. बरणी धुतली का?"

"नाही," मी म्हटलं. "पाणी घालून ठेवलं."

"पाणी? कशाला?"

ती सांगायची म्हणून, असं म्हणायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. बाई म्हणाल्या, "भाऊ? ऐकू येतंय का?" मी फोन साहेबांकडे दिला.

निघताना साहेब दारापर्यंत आले. म्हणाले, "मला समजतं हो." मग म्हणाले, "पिशवी खरंच नको?"

"नको."

*

परत आलो तर भांडेवाली आलेली. दार उघडंच होतं. सिंक निम्मं रिकामं झालेलं आणि बरणी स्वच्छ घासून पालथी घातलेली, थेंब ओघळत होते. मी ती उचलून आत बघितलं. काच कधी एवढी लख्ख असू नये.

मला बघून म्हणाली, "आजोबा, झाकण कुठाय हिचं?"

"कसलं?"

"बरणीचं. बरणी हाये, झाकण न्हाई. नंतर ताई मला विचारतील."

झाकण टेबलावर होतं. मी खायला बसलो तेव्हा काढून ठेवलेलं, वर चष्म्याचं घर. उचललं. आतल्या बाजूला, आट्यांच्या कडेला, पांढरं लागलं होतं. ओट्स भिजवताना बरणी हलवते सून, तेव्हा उडालेलं. नखावर मावेल एवढं, त्यात दोन-तीन ओट्सचे तुकडे चिकटलेले.

"द्या इकडे, घासते."

"हात लावू नकोस."

ती दचकली. मी एवढ्या जोराने बोलायला नको होतं. मग सांगितलं तिला, विरजण आहे म्हणून. ती हसायला लागली. "एवढंच व्हय? अहो, मिरचीचं देठ टाका की दुधात. विरजण नसलं तर आम्ही तेच करतो. लागतं दही."

"दही नकोय मला."

"मग काय पायजे?"

मी झाकण तसंच धरून उभा. तिने हात पुसले आणि गॅस पेटवून दूध कोमट करून दिलं. छोट्या वाटीत अर्धी वाटी, जास्त नको म्हणाली, विरजण थोडंय. मी करंगळी बुडवली आणि दहा म्हटले. झाकणाच्या आतलं चमच्याच्या टोकाने खरवडलं, ओट्ससकट दुधात सोडलं. आता थंडीचे दिवस. थंडीत ती वाटी पिठाच्या डब्यात ठेवायची, पिठात ऊब असते म्हणून. तेवढं मला माहीत होतं, पीठ हे माझंच काम होतं. टॉवेलात गुंडाळून डब्यात खोचली आणि झाकण लावलं.

मग दिवसभर काही करायला नव्हतं. गिरणीवर असताना मी दळण टाकलं की ते दळलं जायचं. पट्टा तुटला तर जोडायचो, दगड बोथट झाला तर छिन्नीने टाकी लावायचो. इथे नुसतं बसायचं. दुपारी एकदा डबा उघडावासा वाटला, पण मध्येच हलवलं तर लागत नाही. डब्यासमोर खुर्ची टाकून बसलो. तिथेच डुलकी लागली.

संध्याकाळी सून आली. हातात दह्याचे दोन मोठे डबे, एक साधं आणि एक बिनसाखरेचं काहीतरी. माझ्याकडे न बघता तिने ते फ्रीजमध्ये ठेवले. मग मला विचारलं, "पिठाच्या डब्यासमोर का बसलाय?"

सांगितलं. ती बॅग खांद्यावरून न काढता तशीच खाली बसली, फरशीवर. मग ती म्हणाली, "आईंनी मला दोनदा सांगितलं होतं. त्या वाटीला हात लावायचा नाही म्हणून. मी विसरले." 

मी म्हटलं, "मला तर तिने जन्मभर सांगितलं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला. दही लागलं होतं. पातळ, पाणी सुटलेलं, पण लागलं होतं. मधोमध ओट्सचे फुगलेले तीन तुकडे.

मी चमच्याच्या टोकाने घेतलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. आदल्या दिवशी बरणीतलं खाताना काही ठाऊक नसताना तोंडाने ओळखलं होतं. आता ठाऊक असताना, मुद्दाम शोधायला गेलो, तर काही सापडेना. आंबूस होतं. दही आंबूसच असतं. पुन्हा घेतलं. नारायण पेठेतल्या निम्म्या घरांचं पीठ चिमटीत ओळखणारा मी, मला माझ्या घरचं दही ओळखता आलं नाही.

सुनेला चमचा दिला. तिने चाखलं आणि लगेच म्हणाली, "आईंचंच आहे."

"एवढ्यात कळलं?"

"कळतं, बाबा." ती वाटीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.

ती असंच म्हणणार होती. समोरच्या साहेबांना दिलं असतं तर तेही असंच म्हणाले असते. भांडेवालीसुद्धा. खोटं सांगणारा माणूस फार लवकर सांगतो, हे मला माहीत आहे. मीही हॉस्पिटलात लगेच सांगितलं होतं.

विचारायचं तर एकीलाच विचारता आलं असतं. तिने वास घेऊन सांगितलं असतं.

आता रोज लावतो. दही दिवसेंदिवस घट्ट होत चाललंय, हे खरं. ते मांजरीचं असेल, नाहीतर ओट्सच्या खोक्यातून काही आलं असेल, नाहीतर झाकणाच्या आट्यांत आधीचं काही राहिलं असेल. मी शिकलेला नाही, मला त्यातलं कळत नाही, आणि शिकलेल्यांनी सांगितलं तरी मला पटेल असं नाही. सून आता फ्रीज उघडण्याआधी विचारते, "बाबा, विरजण काढलं का?" काढलं म्हटल्यावरच माझे ओट्स भिजवते. मी ते खातो. बरणीत पाणी घालून ठेवतो, झाकण मात्र टेबलावरच राहू देतो, संध्याकाळपर्यंत. भांडेवाली कुरकुर करते.

कधीतरी मलाही वर बायकोकडे जायचंच आहे. ती विचारेल, विरजण लावलं का? लावलं, असं मी म्हणेन, आणि ह्या वेळी ते खरं असेल. पण ती तेवढ्यावर सोडणारी नव्हे. कुठलं हाय, म्हणून विचारेल. त्यावर काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.